शिंपल्याच्या रंगाचे ढग

"रोलचे रंग बिघडले होते. मी सगळे फोटो नीट करून दिलेत," रेवाने पाकीट काउंटरवरून पुढे सरकवलं. थोड्या कौतुकाची अपेक्षा होती तिला.

समोरच्या उंच तरुणाने फोटो पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला.

"हे ढग... करडे केलेत तुम्ही?"

"ढग करडेच असतात ना?"

"पनवेलला असतात." आता मात्र त्याला हसू आवरेना. "हे अंटार्क्टिकाचे आहेत."

ही त्र्याण्णव सालची गोष्ट. बाबांचे गुडघे दुखू लागल्यापासून पनवेलच्या बाजारातला फोटो स्टुडिओ रेवाच सांभाळायची. हा विश्वजीत सुकापूरला राहायचा. हवामानाचा अभ्यासक, तिकडच्या बर्फात अख्खा हिवाळा काढून नुकताच परतला होता.

निगेटिव्ह शाबूत होत्या, म्हणून रेवाचा जीव भांड्यात पडला.

"उद्या या. शेजारी बसून रंग सांगा."

तो आला. शिंपल्याच्या आत चमकतात तसे गुलाबी, हिरवे, जांभळे ढग कागदावर उमटत गेले... आणि रेवा बघतच राहिली.

"एवढं काय शोधता हो ढगांत?"

"आपल्याकडे ढग आला की सावली पडते, गार वाटतं. तिथल्या हिवाळ्यात दोन महिने सूर्यच उगवत नाही. मग ढग उलटं करतो – जमिनीची ऊब धरून ठेवतो. बर्फ किती टिकणार, पुढे हवा कशी बदलणार, हे थोडंफार त्याच्यावरही आहे."

"म्हणजे गोधडी."

तो तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. "हे भाषणात वापरलं तर चालेल?"

"चहा पाजलात तर."

रोल संपले, तरी तो येत राहिला. दर आठवड्याला नवा पासपोर्ट फोटो.

"या माणसाला पासपोर्ट तरी किती आहेत गं?" बाबांनी एकदा विचारलंच.

गणपती झाल्यावर एका दुपारी मात्र तो आला, तो फोटो न मागताच बसला.

"तिकडे पुन्हा बोलावलंय," म्हणाला. "वर्षाच्या वर जाईल. मी नाही म्हणणार आहे."

"का?"

"मागच्या वेळी ठरलेलं लग्न मोडलं. एवढी वाट कोण बघणार, म्हणाली ती. तिचंही बरोबरच होतं... पण या वेळी मला ते परत नकोय."

या वेळी... म्हणजे आपल्यामुळे. राहील, इथेच राहील. क्षणभर बरंही वाटलं तिला. मग ढगांबद्दल बोलताना उजळणारा त्याचा चेहरा आठवला.

"एका हिवाळ्यात कळलं सगळं?"

"छे. आत्ता कुठे सुरुवात आहे."

"मग जा."

त्याने मान खाली घातली. उठला. "बरं. निघतो मग."

"थांब." तुम्हीचं तू कधी झालं, तिलाच कळलं नाही. "लग्न जाण्याआधी करायचं की आल्यावर, ते सांगून जा."

तो परत खाली बसला. "आधी..." मग हळूच, "चालेल तुला?"

रेवाने भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्याच्यापुढे ठेवलं.

तुळशीचं लग्न झाल्यावरचा पहिलाच मुहूर्त धरला. डिसेंबरात गोव्याहून त्याचं जहाज निघालं. रडायचं नाही असं ठरवून धक्क्यावर गेलेली रेवा रडलीच. पण 'नको जाऊस' हे शब्द तिने ओठांबाहेर पडू दिले नाहीत.