पोर्ट काढल्यावर

लॅपटॉपचे पोर्ट बंद पडले की त्यात बहुतेक वेळा मालकाचीच कर्तबगारी असते, हे मनीषा पगारे गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायची. पेन ड्राइव्ह उलटा घुसवायचा आणि जात नाही म्हणून अजून दाबायचा. लॅपटॉपवर डबा उघडून जेवायचं, रस्सा भोकात. एकाच्या पोर्टमधून तिने मेथीची काडी काढली होती, एकाच्यातून मुंग्यांचं अख्खं कुटुंब. सिडकोत, पवननगरच्या भाजीबाजारामागे तिचं दुकान होतं. लोक आत डोकावून विचारायचे, "मिस्त्री नाहीत का?" ती मान वर न करता म्हणायची, "मीच. बसायचं तर बसा, नाहीतर पुढचं दुकान बघा."

चंदर साळवे आईचा लॅपटॉप घेऊन आला तेव्हा मात्र ती काही बोलली नाही. तो लॅपटॉप म्हणजे सुलाबाईंचं तोंड होतं.

सुलाबाई साळवे सुरगाण्याच्या डोंगरात शाळेवर मास्तरीण होत्या. निवृत्त होऊन सिडकोत लेकाकडे आल्या आणि झटका आला. मानेखालचं सगळं गेलं, वाचा गेली. उरला उजवा अंगठा. चंदर अंबडच्या एका कंपनीत लेथवर. त्याने भंगारातल्या मशीनचं एक बटण आणलं, त्याला वायर जोडली आणि आईच्या अंगठ्याखाली बसवलं. वायरचं दुसरं टोक लॅपटॉपच्या पोर्टमध्ये. स्क्रीनवर मुळाक्षरं मांडलेली, त्यांवरून एक पिवळा चौकोन सरकत राहायचा. हव्या अक्षरावर आला की अंगठा दाबायचा. वाक्य पुरं झालं की यंत्र ते मोठ्याने वाचायचं.

एवढ्यावर ही बाई सगळ्या कॉलनीला वचक ठेवून होती. पोरांचे पाढे घ्यायची. टीव्हीवरच्या पुढाऱ्यांची अक्कल काढायची. विहारात कुणाचं भाषण लांबलं की मागून यंत्राचा आवाज यायचा, "पुरे." मनीषा पहिल्यांदा तो प्रोग्राम बसवायला गेली तेव्हा सुलाबाईंनी अक्षर अक्षर वेचून तिला उद्देशून पहिलं वाक्य लिहिलं होतं, "पगारे, नखं काप." मनीषाने कापली. आयुष्यात ती फारशी कुणाला मानत नव्हती. या बाईला मानायची.

"सगळे पोर्ट गेलेत, ताई," चंदर म्हणाला. "माउससुद्धा घेत नाही."

"बाई कशा आहेत?"

"डॉक्टर म्हणतात पुन्हा झटका येऊन गेला असणार. हा बंद पडला त्याच दिवशी. अंगठा हलतो कधीमधी, पण तो असाच, म्हणे. आतमध्ये आता..." त्याने वाक्य सोडून दिलं. "रविवारी गाडी सांगितलीय. त्र्यंबक रोडला एक सेंटर आहे, चांगलं सांभाळतात. बायकोही कामाला जाते. दिवसभर कोण बघणार?"

"मग हा कशाला दुरुस्त करतोयस?"

चंदरने काउंटरवरची धूळ बोटाने पुसली. "पोरीला कॉलेजला होईल."

माणूस गप्प झाला की त्याचं सामान वाटायला घ्यायची आपल्याला केवढी घाई. मनीषाच्या जिभेवर आलं होतं, पण चंदरचे डोळे सुजलेले होते. रात्रंदिवस त्यानेच आईचं केलं होतं, हेही तिला ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी ती स्वतःचा लॅपटॉप घेऊन साळव्यांच्या घरी गेली. त्यावर प्रोग्राम चढवला, बटण जोडलं, स्वतःच्या बोटाने दाबून बघितलं. चाललं. मग ते सुलाबाईंच्या अंगठ्याखाली ठेवलं. पिवळा चौकोन सगळ्या अक्षरांवरून फिरून आला, पुन्हा फिरून आला. सुलाबाई छताकडे बघत होत्या. डोळ्यांत ओळख नव्हती, राग नव्हता, काहीच नव्हतं.

"बघितलंत ना, ताई," चंदरची बायको साक्षी हळूच म्हणाली. "मला काय हौस आहे का त्यांना पाठवायची?"

तिथे विषय संपायला हवा होता. मनीषाने तो संपू दिला नाही. बाईंचा लॅपटॉप आपण मेला म्हणून परत द्यायचा नाही, एवढं तिने मनाशी धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने रीतीप्रमाणे सुरुवात केली. बॅटरी सोडवून पॉवरचं बटण दाबून धरलं, साचलेला करंट जाऊ दिला. पोर्ट चालवणारे प्रोग्राम उडवून पुन्हा चढवले. स्पिरिटमध्ये ब्रश बुडवून पोर्टची भोकं साफ केली. काही नाही. मग पाठ उघडली. मल्टिमीटर लावला तर पोर्टला करंटच येत नव्हता. करंट देणारी चिप काळी पडली होती. पण नेहमी जळालेल्या चिपला येतो तो उग्र वास नव्हता. तिने नाक जवळ नेलं. खडूचा वास आला. आपल्या कपाटात खडू नाही, एवढं तिने नोंदलं आणि कामाला लागली.

गरम हवेची गन लावून तिने चिप उचलली, पोर्टही उपसून काढले. त्यात एक बोट भाजलं. बोर्डाच्या कडेला आता नुसत्या रिकाम्या जागा राहिल्या. बाकीचं धड आहे ना, हे बघायला तिने मशीन चालू केलं. अक्षरांचा प्रोग्राम आपोआप सुरू होई, तसा झाला. पिवळा चौकोन फिरू लागला.

टिंग. काहीतरी जोडलं की येतो तो आवाज.

मनीषाने बघितलं. जोडायला जागाच नव्हती.

चौकोन 'प' वर थांबला. मग 'ड' वर. पुढचं अक्षर यायला वेळ लागला. मग यंत्र बोललं, "पडदा."

कुठेतरी शॉर्ट असणार, ती स्वतःशी म्हणाली. तिने वायफायचं कार्ड काढलं. कीबोर्डची पट्टी सोडवली. टचपॅडची सोडवली. बाहेरून आत जायला आता एकही वाट नव्हती.

चौकोन फिरत राहिला. थांबला. फिरला. थांबला.

"पगारे, काढ काय काढायचं ते. पण आधी पडदा."

तिने चंदरला फोन लावला. तो सुट्टी टाकून घरीच होता.

"बाईंच्या खोलीतला पडदा कसा आहे?"

"पडदा?" त्याची पावलं ऐकू आली. मग तो थांबला. "अरे देवा. ऊन थेट डोळ्यांवर आलंय तिच्या. पाणी वाहतंय डोळ्यांतून. साक्षीने धुवायला काढला, परत लावलाच नाही... ताई, तुम्हाला कसं कळलं?"

"पडदा लाव. मी येतेच."

फोन ठेवला तोवर स्क्रीनवर पुढचं वाक्य आलं होतं.

"बोट पाण्यात धर. फोड येईल."

मनीषाने बोट पाण्यात धरलं. भीती वाटली, नाही असं नाही. पण तिच्यावर चढून दुसरंच काहीतरी आलं, आणि ते चक्क कौतुक होतं. काय बाई आहे ही. अंगठा गेला, वायर गेली, पोर्ट गेले, तरी गप्प बसायला तयार नाही.

आणि इथेच मनीषाने ती चूक केली, जी कुठल्याही चांगल्या कारागिराने केली असती. अर्धवट काम टेबलावरून उचलायचं नाही, ही तिची पहिल्यापासूनची सवय. गिऱ्हाइकाच्या हातात वस्तू द्यायची तर पुरी करून. तिने नवी चिप बसवली. नवे पोर्ट बसवले, त्यांचे सोल्डरचे टाके भिंगाखाली तपासले. कार्ड, पट्ट्या, पाठ, सगळे स्क्रू. मल्टिमीटरवर करंट चोख. माउस लावला, पळाला. असं सुंदर काम तिच्या हातून बऱ्याच दिवसांनी झालं होतं. लॅपटॉप ओढणीत गुंडाळून ती दुपारी साळव्यांकडे पोचली.

बटण अंगठ्याखाली ठेवलं. वायर नव्या पोर्टमध्ये घातली. चंदर आणि कामावरून लवकर आलेली साक्षी पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले.

चौकोन फिरला.

फिरत राहिला.

"बाई," मनीषा म्हणाली, "मगाशी बोललात तसं बोला."

सुलाबाई छताकडे बघत होत्या.

"मगाशी म्हणजे?" चंदरने विचारलं. तिने सांगितलं. पडद्याचं सांगितलं, बोटाचं सांगितलं. सांगताना तिचं तिलाच ते ऐकवेना.

चंदर म्हणाला, "ताई, तुम्ही आईला मानता, मला माहितीय. पण पडदा काय, अंदाजानेही सांगता येतं. माझा जीव नका खाऊ. परवा मला तिला उचलून गाडीत घालायचंय. मला ते करता आलं पाहिजे."

त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. मनीषा लॅपटॉप उचलायला वाकली. नव्या पोर्टच्या चकचकीत कडा तिच्याकडे बघत होत्या. दुकानात बाई बोलल्या तेव्हा हे नव्हते. तेव्हा तिथे नुसत्या रिकाम्या जागा होत्या.

तिने बॅगेतून पक्कड काढली.

"काय करताय?" साक्षी म्हणाली.

मनीषाने मशीन बंद केलं, पाठ उघडली आणि पहिला पोर्ट पकडीत धरून पिळला. स्वतःच्या हाताने घातलेले टाके कडकड तुटले. दुसरा. तिसरा. करंटची चिप उचकटली. बोर्डाची कड फाटली. कुठल्या कारागिराने असं केलं असतं तर तिने त्याला दुकानात उभं केलं नसतं.

"ताई, वेड लागलं का तुम्हाला?"

तिने मशीन चालू केलं. बटण सुलाबाईंच्या अंगठ्याखालून काढून घेतलं आणि वायरसकट चंदरच्या हातात दिलं. "हे धर. दाबू नको."

चौकोन फिरला.

टिंग.

चंदरचं बोट बटणापासून दूर होतं.

"पगारे, पुरं काम करायची तुझी खोड."

साक्षी खाली बसली.

"चंदर, मी कुठे जाणार नाही. गाडीला नको सांग."

चंदरने हातातल्या वायरीकडे बघितलं. तिचं टोक लोंबत होतं. "आई," तो म्हणाला. "आई, तुला ऐकू येत होतं? सगळं?"

"सगळं. सून रडली तेही. तू रडलास तेही. पुरे आता."

चंदर पलंगाच्या कडेला बसला आणि आईच्या पावलांवर डोकं ठेवून हमसून रडला. गाडीवाल्याला साक्षीनेच फोन केला. "नाय, रद्द. नाय, कायमचंच," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मोकळा झाला.

मनीषा भिंतीला टेकून बघत राहिली. हे कसं होतंय, हे ती शोधणार नव्हती. आयुष्यभर भोकं तपासण्यात गेलं होतं तिचं. काही भोकं तशीच ठेवायची असतात, एवढं तिला आज पटलं.

"बाई, तिकडे कसं आहे?" तिने विचारलं.

या उत्तराला वेळ लागला.

"अंधार. पण गर्दी आहे. बसून आहेत बिचारे. कुणालाच अक्षरं येत नाहीत."

"मग?"

"मग काय. शिकवतेय."

चंदर रडता रडता हसला. "ही जाईल तिथे शाळा काढणार."

थोड्या वेळाने सुलाबाईंचे डोळे मिटले. श्वास संथ झाला, तोंड जरा उघडं पडलं. साक्षीने पांघरूण नीट केलं आणि चहा टाकायला गेली. चंदर अंगणात तोंड धूत होता. मनीषा लॅपटॉप बंद करायला पुढे झाली.

चौकोन थांबला होता. 'क' वर.

अक्षर उमटलं, मग पुसलं. पुन्हा 'क'. पुन्हा पुसलं. सुलाबाई अशा अडखळत नसत.

मग चौकोन सरकू लागला. एकेका अक्षरावर चाचपडत, चुकत, खोडत, जणू बरेच हात एकच बटण धरू बघत होते.

वाक्य पुरं झालं की यंत्र मोठ्याने वाचतं. हे त्याने वाचलं नाही. ते नुसतं स्क्रीनवर उमटलं.

"बाई झोपल्यात. आम्ही हळू बोलतो."