बन्नोची कुंडी

अंबडला अजीजुन्निसा आपांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत होती, आणि त्या भिंतीला एक दार. आपा मुलींच्या शाळेत शिकवायच्या, मी दवाखान्यात नर्स होते. मी ऐन तरुणपणी विधवा झालेली, त्यांनी लग्नच केलेलं नव्हतं. संध्याकाळी त्यांच्या पुढच्या खोलीत आमचा चहा व्हायचा. मी त्यांच्या हातचा चहा पिते म्हणून गल्लीत सुरुवातीला कुजबुज झाली, पण गल्लीतली सगळी बाळंतपणं माझ्याच हातची, त्यामुळे ती आपोआप विरली.

त्या खोलीत आमच्यासोबत तिसरीही असायची. बन्नो. हैदराबादच्या कुठल्याशा बागेतून आपांनी कधीतरी आणलेलं, आळूच्या जातीचं झाड. सुपाएवढी हिरवीगार पानं, मधून फिकट शिरा. लोक त्याला हत्तीकान म्हणायचे. आपा मात्र शाळेतून आल्या की आधी ओल्या फडक्याने तिची पानं पुसायच्या आणि विचारायच्या, "क्या बन्नो, दिन कैसा गया?"

मग खुर्चीत बसून चपला काढायच्या आणि उघडे पाय शहाबादी फरशीवर ठेवायच्या. त्यांच्या टाचा दुखायच्या. दिवसभर वर्गात उभं राहून. मी मलम दिलं, शेक सांगितला, गुण आला नाही. "इथे बसलं की थांबतं बघा," त्या म्हणायच्या. फरशी गार आहे म्हणून, असं मी सांगायचे.

झाड उजेडाकडे झुकतं हे मला ठाऊक होतं. बन्नो खिडकीकडे पाठ करून खुर्चीकडे झुकलेली असायची. एकदा मी कुंडी फिरवून ठेवली. आठवडा संपायच्या आत सगळी पानं परत खुर्चीकडे. समोरच्या चुन्याच्या भिंतीवरून ऊन परावर्तित होतं, त्याचा हा परिणाम, असं मी ठरवून टाकलं.

उन्हाळ्यात आपा पुतणीच्या लग्नाला हैदराबादला गेल्या. पाणी घालायचं काम माझ्याकडे. बन्नो पिवळी पडायला लागली. पाणी घातलं की वरून सरळ खालच्या थाळीत, माती भिजतच नव्हती. पानं खाली लोंबली. एके दिवशी पाहिलं तर सगळ्या पानांची टोकं फरशीला टेकलेली होती, खुर्चीच्या पुढे, आपा पाय ठेवायच्या त्याच जागी.

ऊन फार होतं त्या वर्षी. मी खिडकीला ओलं गोणपाट लावलं आणि घरी आले.

आपा आल्या त्या लंगडतच. आत शिरल्या, खुर्चीत बसल्या, पाय टेकवले आणि डोळे मिटून घेतले. "या अल्ला! भावाच्या घरी गालिच्यावर चालले, तरी ठणका. इथे आले आणि बिलकुल न्हाई."

मग त्यांनी बन्नोकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. कुंडीच्या काठाशी माती फोडून मुळं वर आली होती.

"हिला घर लहान झालं, उषाबाई. नवी कुंडी लागणार."

"मंग आजच बदलू."

"न्हाई न्हाई. या उन्हात मुळं उघडी केली तर मरेल बिचारी. हवेत ओल येऊ द्या. नव्या पानांचे दिवस तेच असतात."

पाऊस स्थिरावला, तेव्हा त्यांनी कारभारी कुंभाराकडून कुंडी आणवली. मी म्हटलं, चांगली मोठी आणायची ना. त्या म्हणाल्या, जुनीपेक्षा दोन बोटं रुंद पुरे. रिकाम्या मातीत पाणी साचतं, मुळं कुजतात. आदल्या दिवशी बन्नोला पोटभर पाणी दिलं, म्हणजे मातीचा गड्डा अखंड निघेल. नदीची वाळू, कुजलेला पाला, गाळाची माती, सगळं कालवून ठेवलं. शुक्रवारी शाळेला सुट्टी होती. सकाळी आम्ही पदर खोचले.

कुंडी उचलेना.

दोघींनी मिळून जोर लावला. जरा कलली, तेव्हा खालची थाळी फुटलेली दिसली. कुंडीच्या भोकातून बोटाएवढं जाड मूळ निघालं होतं आणि दोन फरश्यांच्या फटीतून खाली गेलं होतं.

"पाण्याच्या शोधात गेलं असंल," मी म्हणाले.

मी पहार आणून फरशी उचकटली. मूळ खिडकीकडे गेलं नव्हतं, न्हाणीकडेही नाही, जिथे ओल होती. ते सरळ खुर्चीकडे गेलं होतं. मी खुर्ची बाजूला केली आणि तिच्या पुढची फरशी उचलली.

खाली दोन पावलं होती.

पांढऱ्या, केसांसारख्या बारीक मुळांची, घट्ट विणलेली. टाचेला खोलगट. मधला उंचवटा. पाचही बोटांच्या जागा.

मी आजवर खूप काही पाहिलंय, पण तेव्हा माझ्या हातातली पहार खाली पडली. आपांनी मात्र चप्पल काढली. भिंतीचा आधार घेतला आणि उजवा पाय अलगद त्यावर ठेवला.

बराबर बसला.

"अम्मी गेल्यावर," त्या म्हणाल्या, "माझे पाय कुणी दाबले न्हाईत, उषाबाई." आणि त्या रडायला लागल्या. भीतीने नव्हे. लहान मुलीसारख्या, ओठ काढून.

मी त्यांना बसवलं. पाणी दिलं. मग जे दिसत होतं ते सांगितलं. कुंडीत माती उरलीच नव्हती, नुसती मुळं. अशीच ठेवली तर पावसाळाही निघणार नाही. आणि ते मूळ कापल्याशिवाय ती हलणार नाही.

"मुझे मालूम है." त्यांनी बन्नोच्या पानावरून हात फिरवला. "माझ्यासाठी उपाशी राह्यली बघा ही. कापा. माझा हात चालणार न्हाई."

मी दवाखान्यातलं पातं उकळून घेतलं. का, ते मलाही सांगता येणार नाही.

पातं मुळात शिरलं तेव्हा आपा खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांनी "हाय" म्हणून दोन्ही पाय झटक्याने वर घेतले. त्यांना कुणी शिवलंही नव्हतं.

पुढचं आपांनीच केलं. भोकावर खापरी, थोडी माती, कुजकी मुळं काढून मोकळा केलेला गड्डा, पूर्वी होता तेवढाच खोल. बाजूने माती हलकेच दाबली, खालून वाहीपर्यंत पाणी दिलं आणि कुंडी सावलीत ठेवली. बन्नोने माना टाकल्या. आपा शाळेतून धावत यायच्या, कुंडीशी बसायच्या, काहीबाही बोलायच्या. शेवटी एक नवं पान गुंडाळीतून सुटलं. ते खिडकीकडे तोंड करून उघडलं, चारचौघींसारखं. आपांनी मला हाका मारून बोलावलं, साखर वाटली. त्या संध्याकाळी त्या स्वतःच्या टाचांना तिळाचं तेल चोळत बसल्या होत्या.

हिवाळा लागता लागता त्यांची भोकरदनला बदली झाली. बैलगाडीत बन्नोला त्यांनी आपली ओढणी गुंडाळली. मला मिठी मारली आणि गेल्या. नव्या भाडेकरूंनी मधलं दार विटांनी बुजवून टाकलं.

सुट्टी काढून मी भोकरदनला गेले तेव्हा आपा दारातच उभ्या होत्या. झपाझप चालत पुढे आल्या.

"टाचा?"

"दुखतच न्हाईत आता."

खोली लहान, शेणाने सारवलेली. बन्नो कोपऱ्यात, विटांवर ठेवलेली. आपा चहा टाकायला आत गेल्यावर मी वाकून कुंडीखाली पाहिलं. भोक कोरडं, स्वच्छ. विटांच्या मधून हात फिरवला. काही नाही. पानं सगळी खिडकीकडे. मला हायसं वाटलं.

दवाखान्यात हल्ली उभं राहून माझेही पाय सुजायचे. त्यात मोटारीचा प्रवास. मी पाटावर बसले, चपला काढल्या, पाय जमिनीवर ठेवले. गार वाटलं.

मग तळव्याखाली काहीतरी हललं.

फार हळू. उजव्या चवड्याखाली, नेमकं ठणकत होतं तिथे, कुणी अंगठ्याने दाबावं तसं खालून दाबलं गेलं. एकदाच. आणि थांबलं.

आतून आपांनी विचारलं, "अजून थोडं देऊ का?"

मी "हो" म्हणाले.

जमिनीने माझे दोन्ही पाय हातात घेतले.