अंतीनेचा वाटा

रानडुकराचे वाटे आज बाकिसने घडवलेल्या नव्या सुरीने घालायचे, असं शिकारीला निघतानाच ठरलं होतं. मेंढ्याच्या शिंगाची मूठ, तिच्यावर पितळी वेलबुट्टी, आत मिटणारं पातं. सार्डिनियाच्या त्या डोंगरात इतकी देखणी सुरी दुसरं कुणी करत नसे. पण गेल्या वर्षी अशीच एक त्याने धाकट्या भावाला, अंतीनेला, कौतुकाने दिली होती. जखमी डुक्कर अंगावर आलं आणि ऐन वेळी पातं अंतीनेच्याच बोटांवर मिटलं. डुकराने मांडी फाडली. गावापर्यंतही अंतीने जिवंत पोचला नाही. तेव्हापासून बाकिस आतून बधिर झाला होता. ही सुरीसुद्धा दगा देणार असेल तर भट्टी कायमची विझवायची, एवढंच त्याने ठरवलं होतं.

"कपाटात मिरवायची वस्तू ती," तोतोनीकाका म्हणाला. "हाड लागलं की रडायला लागेल."

"बघू की, काका."

सुरी रडली नाही. सांधे, बरगड्या, मानेचं जाड कातडं, सगळं कापत गेली. पातं जरासुद्धा हललं नाही.

"कापते बरं का," काका पुटपुटला.

बाकिसला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. माणसं अकरा होती. त्याने मोजून अकरा वाटे झुडपाच्या डहाळ्यांवर मांडले.

रिवाजाप्रमाणे काका सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिला. बाकिस एकेका वाट्यावर सुरीचं टोक धरून विचारी, "हा कुणाचा?" काका न बघता नाव घेई. अकरा नावं झाली, बाकिसचंही झालं. तरी एक वाटा उरला होता.

"हा... कुणाचा?"

"अंतीनेचा," काका म्हणाला आणि गर्रकन वळला. "तोंडातून गेलं रे... कसं गेलं, देव जाणे."

कुणी कुणाकडे बघेना. पुकारलेला वाटा मागे घेत नाहीत.

"त्याच्या बायकोकडे पोचवतो," बाकिस म्हणाला. त्याने पातं गवताला पुसलं आणि मिटायला घेतलं. अर्ध्यावर ते अडलं. त्याने जोर लावला. मुठीच्या खाचेत काहीतरी मऊ होतं, ऊबदार, चार बोटं रुंद, आणि ते पातं मिटू देत नव्हतं.

त्याने सुरी उन्हात धरून खाचेत पाहिलं. खाच रिकामी होती.