मागे मासी बसलीय

मसोलीच्या चंद्रावतीबाईंकडे गाडी एकच होती, पण ती वापरणारी घरं सात. त्यांचे यजमान नाना होते तोवर गाडीला बोट लावायची कुणाची टाप नव्हती. नाना गेले आणि गाडी लग्नाकार्यातल्या मोठ्या पातेल्यासारखी झाली. ज्याला लागेल त्याने न्यावी, पुसून परत आणावी. कुणाला वेवजीला हळदीला जायचं, कुणाला तलासरीला कचेरीत, कुणाच्या सुनेला बाळंतपणाहून आणायचं. बाई कुणाला नाही म्हणत नसत. त्यांच्या लहानपणी अख्ख्या आळीत एकच घड्याळ होतं आणि सगळे त्यांच्याच ओटीवर वेळ विचारायला येत. वेळ सांगितल्याने घड्याळ झिजत नाही, असं त्यांचे वडील म्हणायचे.

“घड्याळ नसेल झिजत, गाडी झिजते,” असं त्यांची लेक रुपल म्हणायची. ती बोरिवलीहून महिन्यातून एकदा यायची आणि आधी गाडीच्या किलोमीटरच्या आकड्यांपाशी जाऊन मग आईपाशी यायची. २०१७ च्या दिवाळीत तिने चोरी पकडली. गाडी तलासरीकडे गेली की दर वेळी चौदा किलोमीटर जास्त पडत होते.

“धर्मेश येताना भाडी मारतो, आई.”

“भाडी मारत असता तर त्याच्या पायात धड चप्पल असती.”

धर्मेश म्हणजे ड्रायव्हर. मूळचा वेवजीचा, घरी गुजराती बोलणारा. तलासरीच्या शाळेत बाईंनी त्याला मराठी शिकवलं होतं, म्हणजे तसा प्रयत्न केला होता. अजून तो त्यांना ‘बेन’च म्हणायचा.

रुपलने काचेला आतून कॅमेरा डकवला. समोरचा रस्ता दिसतो आणि आतलं बोलणं सगळं ऐकू येतं, म्हणाली. महिनाभर बघायचं. धर्मेश खोटा निघाला तर त्याला रजा द्यायची, गाडी विकायची आणि आईने कायमचं बोरिवलीला यायचं. बोरिवलीला अकराव्या मजल्यावर बाईंसाठी एक खोली तयार होती. तिच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसायची. त्या खिडकीत एक म्हातारी बसलेली असायची आणि ती बाईंकडे बघायची.

तेव्हापासून बाईंच्या दुपारच्या मालिका सुटल्या. गाडी परत आली की त्या कॅमेऱ्यातलं कार्ड काढून रुपलच्या जुन्या लॅपटॉपला लावायच्या आणि चिकूच्या फोडी घेऊन बसायच्या. आठवड्याभरात शेजारपाजारच्यांची मनं त्यांना पाठ झाली. बाईंचं लोणचं म्हणजे मिठागर, असं समोरच्या संगिताचं मत निघालं. दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला एक बरणी भरून लोणचं पाठवलं. संगिताने फार फार आभार मानले.

मग संगिता आणि तिचा नवरा सुनिल वेवजीला लग्नाला गेले, त्याचं रेकॉर्डिंग आलं. सुनिल पुढे, संगिता एकटी मागे. आशागड गेलं तसा धर्मेशचा आवाज आला, “संगिताबेन, जरा सरकून बसा. मागे मासी बसलीय.”

“कुठेय?” संगिता म्हणाली.

सुनिल हसला. “एवढ्याशा माशीसाठी सरकायचं? हाकल की.”

“असं नाय बोलायचं, सुनिलभाई. बसू दे बिचारीला. येताना गंजाडला उतरते ती.”

“माशी गंजाडला उतरते? तिकीट काढलंय का?”

धर्मेशने नुसता हॉर्न वाजवला. बाई मात्र डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. हा मुलगा वर्गात कधी एक विनोद करेल तर शपथ. त्यांनी रेकॉर्डिंग तसंच पुढे चालू ठेवलं.

वेवजीला दोघं उतरली. परतीचा रस्ता सुरू झाला. गाडीत आता धर्मेश एकटा होता. महामार्ग, चारोटी, मग डहाणूचा रस्ता. गंजाडच्या अलीकडे गाडी आतल्या वाटेला वळली. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची खोडं, एक बांध, पुढे काही नाही. गाडी थांबली. मागचं दार उघडल्याचा आवाज आला.

“हळू उतरा मासी,” धर्मेश म्हणाला. “आज उशीर झाला.”

दार लागलं. कॅमेऱ्यासमोरून कुणी गेलं नाही.

बाईंनी चिकूची फोड बशीत परत ठेवली. माशी नव्हे, मासी. मावशी. तीस वर्षं पोरांच्या वह्यांत हीच चूक दुरुस्त केली आणि आज आपणच फसलो, याचा त्यांना आधी राग आला. मग धर्मेशचा आला. म्हणजे रुपलचं खरं होतं. हा बायामाणसं बसवतो.

त्यांनी त्याला ओटीवर बोलावलं.

“किती घेतोस तिच्याकडून?”

“कुणाकडून, बेन?”

“तुझ्या मासीकडून.”

धर्मेश गोंधळला. “माझी कुठे? तुमचीच ना ती? तुमच्याच फाटकातून येते, मागे बसते. नाना गेले तेव्हापासून. मला वाटलं तुमी पाठवता. तुमच्या माणसाकडून पैसे कसे घेऊ?”

“आणि मला चार वर्षांत सांगितलं नाहीस?”

“तुमी पण कधी विषय नाय काढला.”

“परत कशी येते मग?”

“ते नाय माहीत,” धर्मेश विचार करून म्हणाला. “एसटीने येत असेल.”

बाईंनी कपाळाला हात लावला. दिसते कशी, ते विचारलं. वयस्कर, म्हणाला. भुरी साडी, काठ लाल. बोलत नाही, नुसती मान हलवते.

त्याला घालवून बाई ओळखीतल्या साड्या आठवत बसल्या. भुरी, मातकट, मळखाऊ. त्यांच्या अख्ख्या गणगोतात असला रंग कुणी नेसत नव्हतं. त्यांचा जीव भांड्यात पडला. पोरगा थापा मारत होता, दुसरं काय.

भाकरी थापताना त्यांचा हात थांबला.

तलासरीच्या शाळेत निबंध असायचा, पावसानंतरचा दिवस. गुजराती घरातली पोरं दर वर्षी लिहायची, आकाश भुरे आहे. बाई दर वर्षी लाल पेन्सिलीने ते खोडायच्या आणि वर लिहायच्या, निळे.

निळी साडी, लाल काठ.

त्यांची थोरली बहीण जमना गंजाडला दिली होती. माहेराहून निघताना ती तीच साडी नेसायची आणि तिला एसटीत जागा मिळायची नाही. मांडीवर बोचकं घेऊन ती दारात उभी राहायची आणि म्हणायची, तुझ्याकडे गाडी येऊ दे, मग बघ मी एसटीत पाय ठेवते का. तिला जाऊन एकतीस वर्षं झाली होती. गाडी घेतली त्याला अकरा. नवी गाडी आली तेव्हा घरात पेढे वाटले, पण तिची आठवण बाईंना झाली नव्हती. आज झाली.

हे रुपलला सांगण्यात अर्थ नव्हता. तिने धर्मेशला तर घालवलंच असतं, आईलाही डॉक्टरकडे नेलं असतं. बाईंनी वेगळीच युक्ती काढली. शनिवारी सकाळी त्या स्वतः गाडीत बसल्या, नेहमीसारख्या पुढे, आणि कॅमेऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “धर्मेश, गंजाडला आत वळव. मी नेहमी तुला पाठवते ना, तिथेच.”

“हो, बेन,” धर्मेश म्हणाला. खोटं बोलायचं म्हणून त्याचा आवाज फाटला.

त्या मागे वळल्या नाहीत. रस्ताभर गप्प होत्या, तोही गप्प होता. बांधापाशी त्याने उतरून मागचं दार उघडलं, थोडा थांबला, लावलं. मग दोघं तशीच मसोलीला आली. फाटकात उतरताना बाईंना हलकं वाटलं. एक काम राहिलं होतं, झालं.

रविवारी रुपल येऊन कार्ड घेऊन गेली. सोमवारी तिचा फोन आला.

“धर्मेशला राहू दे,” ती म्हणाली. “आधीच सांगायचं ना, तूच पाठवतेस म्हणून. नाही विकत गाडी.”

बाईंनी डोळे मिटले. अकरावा मजला गेला.

“फक्त एक, आई. तू ओ कुणाला देत होतीस?”

“कधी?”

“गाडीत. जाताना तीन-चारदा ‘ओ’ म्हणालीस. कुणी हाक मारल्यासारखं. धर्मेश तर बोलतच नव्हता.”

“मी गप्प होते.”

“आवाज तुझाच आहे.”

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग त्यांनी हळूच विचारलं, “गंजाडपर्यंतच ना?”

“नाही गं,” रुपल म्हणाली. “येतानाही. अगदी फाटकापर्यंत.”