फुकटची ऊब

दार नीट ओढून घ्या पोरांनो, गार वारा येतोय. आणि मध्येच खिदळायचं नाही. ही गोष्ट ज्याच्यावर गुदरली तो माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. ओळख चांगली हं, माणूस नव्हे.

लोक त्याला पाठीमागे मोळीशेठ म्हणायचे. टेकडीवर त्याचा बंगला होता, सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने द्यायचा, स्वतः खाली पायथ्याशी राहायचा. भाडं घसघशीत. त्यात मिळायचं काय, तर भिंती आणि छप्पर! शेकोटीच्या लाकडाचे पैसे वेगळे, हीटरचे वेगळे. मोळी तरी कसली, चार काटक्या, त्यातली एक ओली. बायको वैतागून म्हणायची, "अहो, उद्या उन्हाचेही पैसे लावाल!" तर हा पठ्ठ्या खरोखर विचारात पडायचा. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस, दुसरं काय!

दोन हिवाळ्यांपूर्वी एक म्हातारे मास्तर तिथे एकटेच उतरले होते. रात्री खोकत खोकत ह्याच्या दारात आले.

"शेठ, एक मोळी द्या. पैसे सकाळी देतो."

"आधी पैसे, मग लाकूड," म्हणून ह्याने तोंडावर दार लावलं.

मास्तर गारठले, तापाने फणफणले, आठवड्याभरात गेले. आणि ह्याला हळहळ कसली? "त्यांचे भाड्याचे राहिलेच की हो!"

तर यंदाचा जानेवारी, शेवटचा शनिवार. बंगला रिकामा होता. रात्री साडेदहाला शेठ खिडकी लावायला उठला, तर वर बंगल्याच्या धुराड्यातून धूर निघतोय.

"कोणीतरी आपली लाकडं जाळतंय!"

"पोलिसांना बोलवा," बायको म्हणाली.

"ते आले की चहा पाजावा लागतो."

बॅटरी घेऊन निघाला एकटाच. आधी बघितली लाकडांची खोली. कुलूप जसंच्या तसं, आतली एक काटकी हललेली नाही. शहाणा माणूस तिथूनच माघारी फिरला असता. पण ह्याच्या डोक्यात काय, तर लाकूड दुसऱ्याचं असलं तरी धुराडं आपलंच ना? त्याचं काहीतरी लावलंच पाहिजे!

दार नुसतं लोटलेलं होतं. आत शेकोटी धडधडून पेटलेली. समोर खुर्ची, आणि खुर्चीत घोंगडी पांघरून कोणीतरी बसलेलं. पाठमोरं.

"ओ! कोण तुम्ही?"

...

"ऐकू येत नाही का? पैसे कोण भरणार ह्याचे?"

खुर्चीतून खोकला आला. ओळखीचा.

शेठ जागीच थिजला. मग त्याच्या लक्षात आलं, जाळ एवढा मोठा, पण आवाज नाही. ठिणगी तडतडत नाही. त्याने पळायचं ठरवलं. पाय पुढेच पडले. जवळ जावं तसं गार. आणखी जवळ... आणखी गार.

"बसा," घोंगडीतून आवाज आला. "हात शेका. मी पैसे घेत नाही."

शेठने हात पुढे केला नाही. तो आपोआप गेला. जाळात. मनगटापर्यंत...

...

पहाटे बायकोला तो बंगल्याच्या पायरीवर बसलेला सापडला. शुद्धीत होता, उजवा हात खिशात खुपसलेला. आत शेकोटीत चिमूटभर राखसुद्धा नव्हती.

सुधारला म्हणता? छे! महिन्याभरात बंगला विकून टाकला, आणि गिऱ्हाइकाला शेकोटीचे वेगळे पैसे लावले!

ह्या मे महिन्यात मला बाजारात दिसला. दुपारचं रणरणतं ऊन, आणि उजवा हात खिशात. मी मुद्दाम हात पुढे केला. तो जरा घुटमळला. मग त्याने खिशातला हात काढून माझ्या हातात दिला...

मी लगेच सोडला.

संध्याकाळी घरी चहा घेतला. उकळता होता. पेला मी ह्या बोटांत धरून बसलो होतो, पार रिकामा होईपर्यंत. काही म्हणजे काही जाणवलं नाही.