कोणी भरवलं?

नवऱ्याच्या छातीचे टाके ओले राहिले आणि अख्ख्या वॉर्डानं मला गुन्हेगार ठरवलं.

बायपास व्यवस्थित झाली होती. पण बोटाला टोचून साखर तपासली की आकडा चढलेला. इन्सुलिन वाढवलं तरी तेच.

"असंच राहिलं तर जखम चिघळेल, पुन्हा छाती उघडावी लागेल," डॉक्टर म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले.

"चोरून भरवता ना?" सिस्टरनं विचारलं. "सगळेच नातेवाईक भरवतात."

या माणसाचं पथ्य सांभाळण्यात माझा जन्म गेला, आणि मी भरवीन? तिनं माझी पिशवी उपसली, त्याच्या उशीखाली हात घातला. कंगवा सापडला.

मी तणतणत कॅन्टीनमध्ये गेले. रागाच्या भरात चहात दोन चमचे जास्तच साखर ढवळली. तरी मला चहाची चवच लागली नाही.

परत आले तर नवरा ओठांवरून जीभ फिरवत होता.

"चहा फार गोड झालाय गं," तो म्हणाला.

त्याला कोणी चहा दिलाच नव्हता. सिस्टरनं टोचून बघितलं, आकडा चढला होता.

मी शाळेत विज्ञान शिकवते, असलं काही मानत नाही. म्हणूनच ताडून बघितलं. खाली जाऊन केळं खाल्लं, तेही बेचव. वर वॉर्डात त्याचा आकडा चढला.

मग मी खाणंच सोडलं. आकडा उतरला, टाके सुकू लागले. डॉक्टरांनी नव्या डोसचं कौतुक केलं.

"बघा, भरवणं थांबवलंत तर कसं झालं," सिस्टर म्हणाली.

तळपायाची आग मस्तकात गेली, पण भांडायला अंगात त्राण नव्हतं.

घरी सोडायच्या दिवशी आकडा पुन्हा चढला. सिस्टर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. माझ्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं.

नवरा डोळे मिटून पडला होता. जबडा सावकाश हलत होता.

"आईस्क्रीम छान आहे," तो पुटपुटला. "दात शिवशिवतात फक्त."

आमची मुलगी माझ्या बहिणीकडे होती. मी बहिणीला फोन लावला.

"मजेत आहे गं," बहीण म्हणाली. "आत्ताच आईस्क्रीम दिलंय. पण तिला सर्दी झालीय का? म्हणते, मावशी, याला चवच नाही."

मी फोन कानाला धरूनच नवऱ्याकडे वळले.

त्यानं डोळे उघडले नाहीत.

"तिला म्हणावं, अजून एक वाटी घे."