पहारेकऱ्यांचा खुराक

मंगळवारी दुपारी टिपणनं, म्हणजे आमच्याकडच्या यंत्रमानवानं, माझ्या रक्ताचा अहवाल वाचून दाखवला. यकृताचा (पोटात उजव्या बाजूला असणारा, औषधं आणि नको असलेले पदार्थ निकाली काढणारा अवयव) आकडा वाढला होता. मागच्या महिन्यात तो अगदी व्यवस्थित होता. जेवण तेच, गोळी तीच आणि तेवढीच. मग आकडा वाढवला कुणी? हे कोडं मला आणि आबांना बुधवारी संध्याकाळच्या आत सोडवायचं होतं. का, ते सांगते.

आधी माझी ओळख. मी शाल्मली रांजणे, वय अकरा. आई-बाबा खोल समुद्रातल्या वीजकेंद्रावर सहा-सहा महिने पाळीवर असतात, तेव्हा मी आबांकडे, म्हणजे माझ्या आजोबांकडे राहते. आमचं कुंभेवाडी हे गाव डोंगरउतारावर आहे. आबा कीटकशास्त्रज्ञ आहेत. चाळीस वर्षं त्यांनी मधमाश्यांचा अभ्यास केला. आता निवृत्त झालेत, पण ते फक्त कागदावर. घरामागे सव्वीस पेट्या आहेत आणि त्यातल्या प्रत्येक पेटीचा स्वभाव त्यांना तोंडपाठ आहे. माझा वाढदिवस मात्र दरवर्षी आठवण करून द्यावा लागतो.

श्रावणात माझी बोटं सुजली, मग मनगटं, मग गुडघे. सकाळी उठल्यावर दीड तास मूठ वळायची नाही. दाराची कडीसुद्धा आबांनी काढायची. मला बालसंधिवात (मुलांच्या सांध्यांना येणारी, बराच काळ राहणारी सूज) झालाय, असं डॉक्टर नफिसा मुजावर यांनी सांगितलं. हा एक स्वयंप्रतिकार आजार आहे, म्हणजे शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा आपल्याच शरीराला परकं समजते. ऐकून मला भीती कमी वाटली आणि रागच जास्त आला. दुसऱ्या कुणी मारलं तर समजू शकते, पण माझ्याच शरीरानं माझ्यावर हात उचलावा म्हणजे काय?

अशा आजाराचं निदान झालेल्या प्रत्येक मुलाकडे तालुक्याचं आरोग्यकेंद्र पहिले शंभर दिवस एक यंत्रमानव पाठवतं. आमच्याकडे आला तो टिपण. उंचीला पाण्याच्या कळशीएवढा, तीन चाकांचा आणि भयंकर सभ्य. मलाही 'तुम्ही' म्हणतो. डॉक्टर मुजावर पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "शाल्मली, गोळी तर घ्यायचीच. पण गोळी सोडून दिवसाचे उरलेले सगळे तासही तुझेच आहेत, त्यांचीही काळजी घ्यायची. फक्त घाई नको. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि नोंद ठेवायची, म्हणजे कशानं बरं वाटलं ते कळतं."

मग तसं सुरू झालं. पहिल्या आठवड्यात फक्त झोप: साडेनऊला दिवा बंद. दुसऱ्या आठवड्यापासून सकाळी उठल्यावर कोमट पाण्यात हात बुडवून बोटं हळूहळू उघडायची. नंतर दहा मिनिटं चालणं. खाण्याचे फार लाड नव्हते नि फार बंधनंही नव्हती. भाकरी, भाजी, वरण, फळं, सगळं वेळेवर. एकदा मी वर्गात उभी राहून सगळ्यांना आजार समजावून सांगितला, तेव्हापासून 'नाटक करते' म्हणणारे गप्प झाले. टिपण रोज संध्याकाळी 'आज मन कसं आहे?' असंही विचारायचा. दोनदा मी त्याच्यासमोर खूप रडले. त्यानं तेही लिहून ठेवलं.

आणि गुण आला. दीड तासाची सकाळ दहा मिनिटांवर आली. आता दार मी स्वतः उघडत होते. म्हणूनच मंगळवारी डॉक्टर पडद्यावर जे बोलल्या, त्यानं मी घाबरले.

"या गोळीनं कधीकधी यकृताला त्रास होतो," त्या म्हणाल्या. "तसं असेल तर गोळी थांबवून दुसरं औषध द्यावं लागेल. ते लागू पडायला दोन-तीन महिने जातील. गोळीशिवाय आणखी कुठलं औषध चालू आहे का?"

"नाही," मी म्हणाले.

"कसलंच नाही," आबा म्हणाले.

"मग उद्या संध्याकाळी ठरवू या."

दोन-तीन महिने. म्हणजे पुन्हा त्या सकाळी, पुन्हा आबांना हाक मारून कडी काढायला सांगायची. मी जेवले नाही. आबांनी दोनदा ताट पुढे केलं आणि तिसऱ्यांदा स्वतःच उचलून ठेवलं.

बुधवारी सकाळी मी नेहमीसारखं कोमट पाण्यात हात बुडवले, नाक दाबून आबांचा काढा प्यायले आणि तोंड पाडून बसले. आबा म्हणाले, "चल, तुला गंमत दाखवतो." आबांची गंमत म्हणजे मधमाशी. दुसरं काही असूच शकत नाही. टिपणही चाकं वाजवत मागून आला.

नऊ नंबरच्या पेटीपाशी आम्ही उकिडवे बसलो. म्हणजे आबा बसले, मला त्यांनी स्टूल दिलं.

"दारातल्या त्या दोघी बघ. पहारेकरी माश्या. येणाऱ्या प्रत्येकीला हुंगतात. घरचा वास आला की आत सोडतात, परका आला की हाकलतात. आता ही येते ती बघ. मुंग्या चढू नयेत म्हणून मी काल पेटीच्या पायांना निलगिरीचं तेल लावलं, त्यात ही पडली होती."

ती माशी दारात उतरली. पहारेकरणींनी तिला हुंगलं आणि लगेच एकीनं तिचा पंख धरला, दुसरीनं पाय. दोघी तिला ओढत फळीच्या कडेला घेऊन गेल्या. ती बिचारी घरात जायला धडपडत होती.

"ती याच पेटीतली आहे?" मी विचारलं.

"याच पेटीतली, याच राणीची मुलगी. फक्त वास बदलला."

"मूर्ख आहेत त्या दोघी."

"मूर्ख नाहीत गं. पहारा चोख आहे, ओळख चुकली आहे. तुझ्या रक्तातही असे पहारेकरी आहेत, पांढऱ्या पेशी म्हणतात त्यांना. प्रत्येक पेशीच्या अंगावर ओळखीच्या खुणा असतात, त्या बघून पहारेकरी आपलं कोण, परकं कोण ते ठरवतात. तुझ्या सांध्यांच्या बाबतीत त्यांची ओळख चुकली. का चुकली, हे अजून कुणालाच पुरतं उलगडलेलं नाही. पण तू काही खाल्लंस किंवा केलंस म्हणून चुकलेली नाही, एवढं लक्षात ठेव."

हे मला कुणीतरी सांगायला हवंच होतं. जरा बरं वाटलं.

"मग गोळी काय करते?"

"पहारेकऱ्यांना थोडं शांत करते. सगळ्यांना झोपवत नाही, नाहीतर खरा चोर आत शिरेल. म्हणून तर ताप आला की लगेच कळवायला सांगितलंय."

मी त्या माशीकडे बघत होते. आता तिच्यावर चौघी तुटून पडल्या होत्या. आणि मला एक साधीच शंका आली.

"आबा, तुम्ही काढा देताना रोज म्हणता ना, शालू, पी, प्रतिकारशक्ती वाढायला पाहिजे. म्हणजे पहारेकऱ्यांचा जोर वाढायला पाहिजे?"

"अर्थात, जोर वाढला की..." आबा थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग फळीकडे. मग ते जमिनीवरच बसले.

"की काय?" मी विचारलं.

"की त्या आपल्याच बहिणीला जास्त जोरानं मारतील," आबा हळूच म्हणाले. "टिपण, तुझ्या नोंदीत काढा आहे?"

"नाही," टिपण म्हणाला. "मी रोज विचारतो, आज कोणतं औषध घेतलंत? शाल्मली उत्तर देतात, गोळी."

"काढा कुठे औषध आहे?" मी म्हणाले. "तो घरचा आहे."

हे वाक्य माझं नव्हतं. आबांचंच होतं. सहा आठवड्यांपूर्वी कुंपणावरची गुळवेल काढून त्यांनी पहिला काढा उकळला, तेव्हा ते मला म्हणाले होते, "घरचंच आहे, त्यात सांगण्यासारखं काय?" चाळीस वर्षं माश्यांचा प्रत्येक थेंब मोजून लिहिणाऱ्या माणसानं नातीच्या कपातलं काही मोजलंच नव्हतं.

"मी सांगू का डॉक्टरांना?" मी विचारलं.

"नको. मी दिला, मीच सांगणार."

संध्याकाळी आबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मग ते पडद्यासमोर बसले.

"डॉक्टर, काल मी तुम्हाला चुकीचं उत्तर दिलं," ते म्हणाले. "सहा आठवडे मी हिला रोज गुळवेलीचा काढा देतोय. अशक्तपणानं आजार झालाय, ताकद दिली की जाईल, असं वाटत होतं मला. मला, म्हणजे ज्याला हे कळायला हवं होतं त्याला. पोरीच्या जिवाशी खेळ झाला माझ्या हातून."

मी त्यांचा हात धरला, जेवढा मला घट्ट धरता येतो तेवढा.

डॉक्टर मुजावर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, सांगितलंत ते फार चांगलं केलंत. काही लोकांमध्ये गुळवेलीनं यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, आणि अशा आजारात ती विचारल्याशिवाय घेऊच नये. पण हिचा आकडा तिनंच वाढवला, असं मी आत्ता म्हणणार नाही. तपासून बघू. काढा आजपासून बंद. गोळी तशीच राहू दे."

"दोन्ही बंद केलं तर जास्त सुरक्षित नाही का?" आबांनी विचारलं.

"आकडा फार वाढला असता तर मी दोन्ही थांबवलं असतं. पण वाढ थोडीच आहे. दोन्ही एकदम थांबवलं तर खरा दोषी कोण ते कधीच कळणार नाही, आणि हिचे सांधे मात्र पुन्हा आखडतील. एकच गोष्ट बदलू आणि आठवड्यानं रक्त बघू."

तो आठवडा काही केल्या सरेना. ड्रोन अंगणात उतरून रक्ताची नळी घेऊन गेलं आणि दुसऱ्या दिवशी टिपणनं अहवाल वाचला. आकडा निम्म्यानं खाली आला होता. आणखी एका आठवड्यानं तो मूळ जागी आला. गोळी चालू राहिली. त्या संध्याकाळी टिपणनं मन कसं आहे विचारलं आणि मी म्हणाले, "लिही, आज मला खूप आनंद झालाय." आबा स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळाखाली तोंड धूत होते. मी आत गेले नाही.

नंतर मी डॉक्टरांना विचारलं, "पहारेकऱ्यांना नुसतं शांत करण्याऐवजी ओळखायला शिकवता येणार नाही का?"

"त्यावरच तर काम चाललंय बऱ्याच ठिकाणी," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना शांत न करता, फक्त चुकणाऱ्यांना पुन्हा शिकवायचं. अजून हाताशी आलेलं नाही, पण तू मोठी होईपर्यंत येईल अशी मला आशा आहे. तोवर आपण ज्या चुका टाळता येतात त्या टाळू. आणि शाल्मली, तुमच्या घरातून आम्हाला एक प्रश्न मिळाला."

तो प्रश्न आता जिल्ह्यातल्या टिपणसारख्या सगळ्या यंत्रमानवांना शिकवला आहे. औषधाचं विचारून झालं की ते विचारतात: आणि घरचं म्हणून काय काय घेतलंत? काढा, चूर्ण, शेजाऱ्यांनी दिलेली पुडी, काहीही. कुणीही रागावणार नाही.

पहिल्याच संध्याकाळी तीनशे बारा घरांपैकी एकशे सात घरांनी काही ना काही सांगितलं. त्यातल्या अकरा मुलांना डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी बोलावून घेतलं.

आबांनी हा आकडा टिपणकडून दोनदा वाचून घेतला. मग कितीतरी दिवसांनी हसले आणि म्हणाले, "म्हणजे शालू, मी एकटाच शहाणा नव्हतो तर."